जिभेची चाकरी

माझं नाव गंगू, माहेर आंबिवलीच्या पुढं नदीकाठाला, जात कुनबी, बाबाची भाताची खाचरं आनि काठाला थोडे वालाचे वाफे, तेवढ्यावर आमी सगळी जगायचो. आता कल्यानात राहते. बाजारातनं टेशनाकडं जाताना आत्मारामशेटचं किरान्याचं दुकान लागतं ना, तिथं माझं अर्धं आयुष्य गेलं. कोनी इचारलं काय काम करतेस तर मी सांगायची, दाने निवडते, पुड्या बांधते, आनि ते खोटं नव्हतं, पन माझी खरी चाकरी येगळीच व्हती मास्तर, मी खायची. हसू नका, तसंच लिवा. दुकानात जो सस्ता खाऊ यायचा, फुटाने म्हना, कुरमुरे म्हना, शेव, रेवड्या, गुडदानी, तो आदी माझ्या तोंडात पडायचा नि मंग बरनीत जायचा. इतकी वर्सं हे कोनाला सांगितलं नाय, पन परवा शेटच बोलले, सांग गं आता, दुकान पुतन्याच्या हातात गेलं, माझं आता कोन काय करनार हाय. म्हनून सांगते.

लहानपनी मी खान्याच्या बाबतीत लय त्रासाची पोर. जुन्या तांदळाची पेज नि नव्या तांदळाची पेज मना वासावर कळायची, दुसऱ्या विहिरीचं पानी कोनी हंड्यात ओतलं तर मी तांब्या तसाच खाली ठेवायची, आई चिडायची, बोलायची ही सासरी गेल्यावर उपाशी मरनार हाय. बाबा मात्र चिडला नाय कदी. तो वाल घेऊन कल्यानच्या बाजाराला जायचा नि येताना पळसाच्या पानात गुडदानी आनायचा, गूळ नि शेंगदाने, दुसरं काय नाय, सगळ्यांना वाटून झाली की मना इचारायचा, गंगे, मागच्या येळेसारखी हाय का गं. मी सांगायची, गूळ येगळा हाय बाबा. तो मान हालवायचा, जसं काय मी मोठी मानूस हाय. काय सांगू तुमाला, लहान पोरीला कोनीतरी असं इचारावं, ते लय मोठं असतं.

त्याच सुमाराला घाटावर मोठा दुष्काळ पडला. रुळाच्या कडेकडेनं मानसं खाली उतरायला लागली, कसाऱ्याकडनं, बाया, म्हातारी, पोरं, नुसती हाडं. त्यातला एक पोरगा आमच्या खळ्यावर येऊन बसला, माझ्याहून थोडा मोठा असेल. बाबाने इचारलं, कुनाचा रे तू. तो बोलला, कुनाचा न्हाई. आईने पेज दिली ती प्यायला, आनि तिथंच आडवा झाला, नि दुसऱ्या दिवशी उठून बाबाच्या मागनं गुरांकडं गेला. मंग राहिला तो राहिलाच. मागचं काय बोलायचा नाय, आमीबी इचारलं नाय. मोठा झाला तवा बाबाने माझं लगीन त्याच्याशी लावलं. भावकी बोलली, घाटावरचा हाय, कूळ ठावं नाय, घर ठावं नाय. बाबा बोलला, कुनबी हाय, नि माझ्या डोळ्यापुढं वाढलाय, आनि काय ठावं पायजे. लग्नाआदी मी त्याला नावानं हाक मारायची, आता नाव घेत नाय. तुमी नुसतं आमचा मानूस म्हनून लिवा.

लगीन झाल्यावर आमी कल्यानात आलो. आमचा मानूस मालधक्क्यावर हमाल लागला, मालगाडीच्या डब्यातल्या गोन्या उतरवायच्या, पाठीवर घेऊन बाजारात पोचवायच्या. मानूस सोन्यासारखा, दारू नाय, हात उगारनं नाय, पन मास्तर, जेवायला वाढलं की एकच शब्द. बरं हाय. भाकरी करपली, बरं हाय. मी लय निगुतीनं वालाचं बिरडं केलं, नारळ घालून, माझंच मना कवतिक वाटलं, बरं हाय. एकदा आमटीत मीठच घालायला विसरली, मी पहिला घास घेतला नि बघितलं तर ह्याचं ताट चाटून साफ, इचारलं तर बोलला, बरं व्हतं की. मना रडू आलं. मना वाटायचं ह्याला माझ्या हाताचं काय पडलेलं नाय, मी केलं काय नि दुसऱ्या कोनी केलं काय, ह्याला सारखंच.

शेटच्या दुकानात मना ह्यानेच लावली. गोन्या पोचवायला जायचा, तिथं जानकीकाकू, म्हनजे शेटची बायको, एकदा बोलली की दाने निवडायला बाई पायजे. मी गेली. शेट तवा चांगले भरलेले व्हते, पगडी घालून गादीवर बसायचे, आनि खायचा भारी शौक. त्यांचं दुकान नावाला किरान्याचं, तांदूळ, डाळ, तेल, पन नाव झालेलं खाऊनं. गाडी पकडायला निघालेली मानसं, हमाल, रुळावरचे गँगवाले, ठान्याला कचेरीत कज्ज्याला जानारे शेतकरी, ज्यांच्याजवळ घरनं बांधून आनलेली भाकरी नसायची ती सगळी आमच्याकडनं पुडी बांधून घ्यायची. शेट रोज सकाळी भट्टीवाल्यांचा माल स्वतः चाखायचे, बरा नसला तर टोपलीला हात लावू द्यायचे नाय. लोक बोलायचे, आत्मारामशेटकडनं घेतलंय म्हनजे डोळे मिटून खा.

मंग एका सालात शेटना मोठा ताप आला. अंथरुनाला खिळले, वाचतात का नाय असं झालं, काकू देवापुढनं हलायची नाय. वाचले. बारीक होऊन परत गादीवर बसले, सगळं आदीसारखं चालू झालं. आनि एक दिवस मी सुपात शेंगदाने निवडत व्हती, त्यातले खवट झालेले बाजूला काढून ठेवले व्हते, वास नाकात चढत व्हता माझ्या, तर शेट जाता जाता वाकले, त्याच ढिगातली मूठ उचलली नि तोंडात टाकली. मी थांबवनार तवर चावलेबी. बोलले, वा, छान भाजलेत. मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. काय फरक नाय तोंडावर. मंग त्यांनी माझ्याकडं बघितलं, माझ्या बाजूला दुसरा चांगला ढीग बघितला, नि त्यांना कळलं की मना कळलं. ते तसेच आत गेले.

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तवा काकूनं मना आत बोलावलं. शेट खाली मान घालून बसलेले. बोलले, गंगू, तापापासनं माझ्या तोंडाला चव नाय. वास नाय. गूळ खाल्ला काय नि माती खाल्ली काय. काकू बोलली, मी चुकून आमटीत दोनदा मीठ घातलं नि हे जेवून उठले, तवा मना कळलं. आनि पदर डोळ्याला लावला. मना माझी आळनी आमटी आठवली. शेट बोलले, बाजाराला हे कळलं तर भट्टीवाले शिळा माल माझ्याच दारात आनून टाकतील, आनि मना कळायचंबी नाय. लोक माझ्या भरवशावर पोरांना खाऊ घालतात. तू माझ्या जागी खाशील का.

एवढा मोठा मानूस, असं इचारतो. मी हो बोलली.

मंग आमचं ठरलं. भट्टीवाला टोपली घेऊन आला की शेट आदीसारखी चिमूट तोंडात टाकायचे, चावायचे, डोळे मिटून मान हालवायचे, सगळं नाटक, आनि एक मूठ माझ्या सुपात टाकायचे, बघ गं खडे हायत का. मी पोत्यांच्या आडोशाला बसून वरनं एक दाना तोंडात सोडायची, ओठाला हात लागू द्यायचा नाय, सुपातलं परत टोपलीत जायचं नाय, ही काकूची अट, उष्टं-खरकटं बघनारी बाई ती. माल चांगला असला तर सूप सरळ. वाईट असला तर मी सूप पालथं घालायची. शेटची नजर सुपावर.

राघू भट्टीवाल्याची गोष्ट सांगते. त्याची शेव चांगली असायची, पन एक दिवस मी तोंडात घातली नि घशाशी जळजळलं, तेल लय येळा तापवलेलं. सूप पालथं घातलं. शेट बोलले, राघोबा, तेल जुनं हाय. राघू बोलला, काय बोलता शेट, सकाळी नवा डबा फोडला. शेट परत माझ्याकडं बघतात. राघू छातीवर हात ठेवून उभा, मना वाटलं आपलीच जीभ चुकली तर, पन सूप मी सरळ केलं नाय. शेट बोलले, घरी नेऊन तूच खा नि मंग सांग मना. राघू टोपली उचलून गेला, जाताना तोंडातल्या तोंडात बरंच बोलला. दुसऱ्या दिवशी ताजी शेव घेऊन आला नि मान खाली घालून बोलला, कढईत कालचंच उरलेलं व्हतं शेट, भावाने सांगितलं नाय मना. शेट हसले नि टोपली ठेवून घेतली. तो गेल्यावर मना बोलले, बरं-वाईट कळतं गं तुझ्यामुळं, पन खाल्ल्यासारखं वाटत नाय. ती कालची शेव लागत कशी व्हती, सांग की.

आता चव काय सांगायची मास्तर. मना शब्द कुठं येतात. पन ते इतकं वाट बघत बसलेले की मी सांगायला लागली. फुटाने खाल्ले की बोलायची, शेट, दुपारी खळ्यावरची माती तापते ना, तसा आदी वास येतो, दात लावला की जरा येळ काय नाय, मंग आतनं गोडी निघते. गुडदानी खाल्ली की सांगायची, पाक करपायच्या अगदी तोंडाशी उतरवलाय, म्हनून मागनं कडू लागतं, पन ते कडू चांगलं वाटतंय. राजगिऱ्याचा लाडू, तो नुसता धरला की सुटतो, झोपलेल्या पोराची मूठ सुटते ना तसा. शेट डोळे मिटून ऐकायचे नि त्यांचं तोंड हळूहळू हलायचं, खाल्ल्यागत. काकू आतलं काम टाकून दाराशी येऊन उभी राहायची. नंतर नंतर आमचा मानूस गोनी टाकून घाम पुसत उभा असला तर तोबी ऐकायचा.

एकदा मुंबईहून विलायती बिस्कुटांचा डबा आला, पत्र्याचा, वर मडमेचं चित्र. काकूनं तो उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाय. लोक बोलायचे ते खाल्लं की जात गेली. शेट बोलले, तुझ्यावर जबरदस्ती नाय गंगू, पन ठान्याचे किरिस्ताव लोक मागतात, ठेवायचं तर माल कसा हाय ते कळाय पायजे. मी घरी जाऊन इचारलं. आमचा मानूस भाकरी खात व्हता, बोलला, खाल्ल्यानं जात जाती का मना ठावं न्हाई, न खाल्ल्यानं काय जातं ते ठावं हाय. आनि परत भाकरी खायला लागला. मी दुसऱ्या दिवशी खाल्लं बिस्कुट. कोरडं, भाकरीच्या पापुद्र्यागत, गोड म्हनावं तर गोड नाय, दुधाचा लांबनं वास येतो, पलीकडच्या आळीत कोनी खीर करत असावं तसा. शेटना हे लय आवडलं, दोनदा सांगायला लावलं.

मंग मना दिवस राहिले, नि माझी जीभ गेली. सगळ्याला लोखंडाची चव, इळा चाटल्यागत. मी लगेच जाऊन शेटना सांगितलं, लपवनार कशी, लोकांची पोरं खानार. शेट माझ्याकडं बघत राहिले नि मंग जे हसायला लागले, तापानंतर पहिल्यांदा एवढं हसले, बोलले, आता दुकानात मानसं भरपूर, जीभ एक नाय. काकूला आनंद झाला, तिनं सुंठ-साखर हातावर ठेवली. पन काम कोन करनार. काकू बाहेरचं शिवायची नाय. भरवशाचा दुसरा कोन, तर आमच्या मानसालाच बोलावलं सकाळी मालधक्क्यावर जायच्या आदी.

शेटनी त्याला ताजे दाने दिले. बरं हाय. मंग मुद्दाम ठेवलेले जुने दाने दिले, जे मनाबी वासावर कळत व्हते. बरं हाय. करपलेली गुडदानी. बरं हाय शेट. शेट बोलले, अरे, थुकावंसंबी नाय वाटलं तुला. तो हातातल्या चुऱ्याकडं बघत राहिला नि बोलला, शेट, मना थुकता येत न्हाई.

आनि मंग त्यानं सांगितलं, उभ्या उभ्या, आवाज न चढवता. घाट उतरताना आईबाप वाटेतच गेले व्हते, पाठीवर धाकटी बहीन व्हती. चिंचोके शिजवून खाल्ले, पाला खाल्ला. एका ठिकानी कुनी तरी गुरांची पेंड दिली मूठभर, खवट झालेली, तिच्या तोंडात घातली तर तिनं थुकली, लहान व्हती, तिला काय कळतंय. ती मातीत पडलेली पेंड म्या उचलून खाल्ली, बोलला. बहीन कसाऱ्याच्या पुढं आली न्हाई. तवापासनं तोंडात आलेलं म्या टाकत न्हाई, नि अन्नाला वाईट बोलत न्हाई.

काकूनं आतनं घरचा लाडू आनून त्याच्या हातावर ठेवला, आनि त्या दिवशी तिचा हात त्याच्या हाताला लागला तर तिनं मागं घेतला नाय. मी पोत्याला टेकून बसलेली. इतकी वर्सं मी त्याच्याशेजारी झोपली, मना त्याला बहीन व्हती हेच ठावं नव्हतं. घरी आल्यावर भाकरी वाढली, बरं हाय बोलला, आनि मी पहिल्यांदा तो शब्द नीट ऐकला. मना वाटलेलं ह्याला माझ्या हाताचं काय नाय. त्याला जेवढं व्हतं तेवढं दुसऱ्या कोनालाच नसेल.

चिमी जन्मली, माझी चव परत आली, बाळंतपनात काकूनं डिंकाचा लाडू पाठवला आमच्या मानसासंगं. तवर मी दातानं नि बोटानं काम निभावलं, कुरकुरीत हाय का सादळलंय एवढंच बघायची, बाकी भट्टीवाल्यांच्या इमानावर.

मंग तो गाठीचा रोग आला. तुमी व्हतातच तवा, तुमाला काय सांगू. उंदीर पडायला लागले, टेशनावर उतरलं की डाक्टर बगला चाचपायचे, बाजारातली मानसं रानात झोपड्या बांधून राहायला गेली. शेटना रानात झोपडी बांधून देनारं कोनी नव्हतं. मी बोलली, काकू, चला माझ्या माहेरी. दोघंबी आली. बाबाने खाचराच्या कडेला पेंढ्याच्या दोन झोपड्या घातल्या, एक त्यांना, एक आमाला. काकूची चूल येगळी, पन विस्तव माझ्याकडनं न्यायची. दुकान बंद, खाऊ कुठला, पेज नि नाचनी नि नदीचे मासे, मासे काकूला चालत नाय. शेट सांजच्या पारी आमच्या झोपडीपुढं येऊन बसायचे, बोलायचे, आज काय केलंस गंगू. मी सांगायची.

चिमी तवा बोलायला लागलेली. एक दिवस मी नाचनीची आंबील केली, वाटीत दिली, तिनं तोंडात घेतली नि भुर्रकन थुकली, सगळी जमिनीवर. आजूबाजूला मानसं मरत व्हती, अन्नाची तंगी, मना राग आला, मी हात उगारला. आमच्या मानसानं माझं मनगट धरलं. जोरात नाय, नुसतं धरलं. बोलला, मारू नगं. थुकू दे. पोरीला थुकता येतंय. आनि चिमीकडं बघत राहिला, ती हनुवटी पुसत हसत व्हती, त्याचे डोळे भरून आलेले. मंग त्यानं तीच वाटी उचलली, एक घोट घेतला, गिळला. शेट बसलेले समोर, मी उभी. आनि बोलला, गंगे, मीठ कमी हाय.

मी मीठ आनायला आत गेली नि तिथंच खाली बसली. बाहेरनं शेटचा आवाज आला, काय झालं रे, ही येत का नाय. आमचा मानूस बोलला, येईल शेट. मीठ शोधती हाय. मास्तर, मीठ माझ्या हातातच व्हतं.

परत आलो तवा अर्धा बाजार बंद. राघू भट्टीवाला गेला व्हता, त्याचा भाऊबी. दुसऱ्या भट्टीची शेव यायला लागली, चांगली असायची, पन पहिल्या दिवशी ती चाखताना मना राघूची जुन्या तेलाची शेव आठवली नि ती वाईट वाटली नाय.

आता शेट थकलेत. मुंबईचा पुतन्या दुकान बघतो, चांगला पोरगा हाय, त्याची स्वतःची जीभ चांगली चालते, मना काकी म्हनतो, मी दाने निवडते, सूप पालथं घालायचं काम उरलं नाय. पन दुपारी दुकान निवळलं की मी आज आलेल्या मालातलं वाईच वाईच पानावर घेते नि मागच्या खोलीत जाते. शेट अंथरुनावर असतात, काकू उशाशी. मी त्यांच्यापुढं बसून खाते नि सांगते. काल नव्या गुळाची गुडदानी व्हती. सांगून झाली तर बोलले, पुरे आता, पोट भरलं. काकूनं त्यांचं तोंड पुसलं, कोरडंच व्हतं, तरी पुसलं. आमचा मानूस अजून मालधक्क्यावर हाय, पाठ दुखते त्याची, पन जेवताना आता बोलतो कदी कदी, आज तिखट झालंय, कदी बोलतो परवाचं जास्त चांगलं व्हतं. मी रागावल्यासारखं करते. माझं सगळं चांगलं झालं असं नाय मास्तर, पन ह्याच्याहून जास्त कोनाकडं मागू.

चला, माझी येळ झाली, शेट वाट बघत असतील. ही फुटान्याची पुडी घ्या, ताजे हायत, मी खाल्लेत. तुमच्या पोरांना येळच्या येळी भूक लागो, भुकेला घास मिळो, तो गोड लागो, आनि नाय आवडला तर नको म्हनायची सोय त्यांना जलमभर राहो.